प्रोफाइल लिहायचं, पण कशाच्या आधारावर?

"ताई, मी २४ वर्षांची. मूळची बारामतीची, सध्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. मानसशास्त्रात एम. ए. केलं आणि आता एका न्यूज पोर्टलमध्ये काम करते. मला शोधपत्रकार व्हायचंय आणि बिहेवियरल प्रोफाइलिंग, म्हणजे वागण्यावरून माणसाचा अंदाज बांधणं, हेच माझं खास क्षेत्र करायचंय. गेल्या महिन्यात खुनाच्या एका प्रकरणात अटक झालेल्या माणसाच्या देहबोलीवर मी व्हिडिओ केला. पोलीस व्हॅनमधून उतरताना पत्रकार त्याला प्रश्न विचारत होते आणि तो नुसता बघत राहिला. मी म्हटलं, नजर कोरडी आहे, पश्चात्तापाचा लवलेश नाही, थंड डोक्याने गुन्हा करणाऱ्याची ही लक्षणं आहेत. व्हिडिओ तुफान चालला. संपादकांना आता दर आठवड्याला असा एक हवाय. पण परवा त्याच्या बहिणीचा मेसेज आला, 'माझ्या भावाला लहानपणापासून कमी ऐकू येतं. त्याला प्रश्न कळलेच नसतील.' मी अजून उत्तर दिलेलं नाही. क्रिमिनल प्रोफाइलिंगचा एक ऑनलाइन कोर्स करायचा विचार आहे, फी ८५ हजार. बाबा म्हणतात, हे सगळं सोड आणि एमपीएससी दे किंवा कॉलेजात शिकव. असं करिअर खरंच असतं का? आणि माझं चुकलं का?"

मृ., पुणे

प्रिय मृ.,

आधी त्या बहिणीला उत्तर दे. बाकी सगळं थांबू शकतं. लांबलचक काही लिहू नकोस. मेसेज वाचला, तुमच्या भावाला कमी ऐकू येतं हे मला माहीत नव्हतं, मी संपादकांशी बोलते आहे, एवढं पुरे. तिच्याकडून लगेच मुलाखत किंवा जुने फोटो मागू नकोस. ती तुझ्याकडे तक्रार घेऊन आली आहे, तिला सोर्स करून टाकू नकोस.

मग संपादकांना मेल कर. तोंडी नको, मेलच. व्हिडिओत केलेल्या विधानाला आधार नाही, कुटुंबीयांनी अशी माहिती दिली आहे, म्हणून व्हिडिओ काढावा आणि तसा खुलासा द्यावा, असं स्पष्ट लिही. हो, तुझं चुकलं. पण तुझ्याबरोबर तो व्हिडिओ पाहून पास करणाऱ्याचंही चुकलं, आणि पोर्टलमध्ये नवीन असलेल्या मुलीने एकटीने हे ओझं वाहायचं कारण नाही. ते कुरकुरले तर जानेवारी २०२१ मधला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्यापुढे ठेव. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या मीडिया ट्रायलविरुद्धच्या याचिकांवरचा तो निकाल आहे. तपास चालू असताना आरोपीच्या किंवा पीडिताच्या चारित्र्याबद्दल बोलून पूर्वग्रह तयार करू नये, असं त्यात माध्यमांना बजावलं आहे. शिवाय बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली आजही फौजदारी गुन्हा आहे. दर आठवड्याच्या त्या व्हिडिओला नाही म्हण. नोकरीवर गदा येईल ही भीती खरी आहे, ती मी हलकी मानत नाही. तरीही नाहीच म्हण.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. असं करिअर आहे का? 'बिहेवियरल प्रोफाइलिंग करणारा शोधपत्रकार' अशी पोस्ट पुण्यातल्या कुठल्याही दैनिकात, चॅनेलमध्ये किंवा पोर्टलमध्ये माझ्या पाहण्यात नाही. पण माणसं आणि संस्था कशा वागतात याचा माग काढून बातमी उभी करणारे पत्रकार आहेत, आणि चांगले आहेत. फरक आहे तो पुराव्याचा. तू चेहरा पुरावा म्हणून वापरलास, आणि या धंद्यात चेहऱ्याइतका कच्चा पुरावा दुसरा नाही.

तुझ्याच विषयातला अभ्यास सांगते. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये खोटं ओळखण्यावरच्या ढीगभर प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर सांगतात. नाणं उडवलं तर ५०. नजर चुकवणं, बोटांचा चाळा, कोरडे डोळे यांतून माणूस अस्वस्थ आहे एवढं फार तर कळेल. पोलीस व्हॅनमधून बेड्यांसकट उतरणारा माणूस आणखी कसा दिसणार?

'प्रोफाइल'ने पत्रकारितेत केवढा घात होतो, हे बघायचं तर रिचर्ड ज्युएलचं प्रकरण वाच. १९९६, अटलांटा ऑलिंपिक. पार्कमधली संशयास्पद पिशवी या सुरक्षारक्षकाने पाहिली, पोलिसांना सांगितलं, लोकांना मागे हटवलं आणि कितीतरी जीव वाचवले. तीन दिवसांत तिथल्या मोठ्या दैनिकाने छापलं की एफबीआयला त्याच्यावरच संशय आहे आणि एकट्याने बॉम्ब ठेवणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये तो बसतो. त्याच्यावर आरोप कधी ठेवलाच गेला नाही. ऑक्टोबरमध्ये सरकारने त्याला संशयातून मोकळं केलं. खरा गुन्हेगार एरिक रुडॉल्फ २००३ मध्ये सापडला आणि २००५ मध्ये त्याने कबुली दिली. तोवर ज्युएलचं आयुष्य पार विस्कटून गेलं होतं. त्या बातमीची भाषा नीट बघ. संशय आहे एवढ्यावर ती थांबली नाही, तिने त्याच्या स्वभावाचं चित्र रंगवलं. हिरो व्हायची हौस असलेला, पोलिसी वर्दीचं वेड असलेला. वाचणाऱ्याला पटलं, कारण गोष्ट म्हणून ती छान जमली होती.

लंडनमध्ये तर पोलिसांनीच हे केलं. १९९२ मध्ये विम्बल्डन कॉमनवर रेचल निकेल या तरुणीचा खून झाला. मानसशास्त्रज्ञाने प्रोफाइल दिलं, त्यात कॉलिन स्टॅग बसतो असं ठरलं आणि एका महिला पोलिसाला ओळख बदलून त्याच्याशी मैत्री करायला लावलं. १९९४ मध्ये न्यायाधीशांनी तो सगळा पुरावा झिडकारला. २००८ मध्ये रॉबर्ट नॅपर या दुसऱ्याच माणसाने गुन्हा कबूल केला. पोलीस चुकीच्या माणसामागे लागले होते.

प्रोफाइलिंगचा पाया म्हणून एफबीआयचं काम सांगितलं जातं, तेही तपासून बघ. १९७२ मध्ये त्यांचा बिहेवियरल सायन्स युनिट सुरू झाला, पुढे तुरुंगातल्या ३६ खुन्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या आणि त्यावर गुन्हेगारांचे प्रकार पाडले गेले. तू एम. ए.ला रिसर्च मेथडॉलॉजी शिकली आहेस. बोलायला राजी झालेले ३६ कैदी हा कसला सॅम्पल, हे तुला मी सांगायला नको.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती प्रोफाइलिंगचा विजय म्हणून सांगितली जाते आणि मला ती आपल्या पेशाची वाटते. न्यूयॉर्कमध्ये १९४० ते १९५६ या काळात कुणीतरी थिएटर, स्टेशन, लायब्ररी असे ठिकठिकाणी बॉम्ब ठेवत होतं. डिसेंबर १९५६ मध्ये पोलीस मानसोपचारतज्ज्ञ जेम्स ब्रसेल यांच्याकडे गेले. त्यांनी वर्णन दिलं आणि वर सांगितलं की पकडाल तेव्हा त्याच्या अंगात डबल ब्रेस्टेड सूट असेल, बटणं लावलेला. तसंच निघालं म्हणतात, आणि तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. पण माणूस सापडला कसा? 'न्यूयॉर्क जर्नल-अमेरिकन' या वर्तमानपत्राने त्याला उद्देशून जाहीर पत्र छापलं: पुढे ये, तुझं गाऱ्हाणं आम्ही छापू. तो उत्तर देत गेला, आणि एका पत्रात कामावर असताना आपल्याला इजा झाल्याची तारीख लिहून बसला, ५ सप्टेंबर १९३१. इकडे त्याचा राग ज्या वीज कंपनीवर होता तिथे ॲलिस केली नावाची क्लार्क नुकसानभरपाईच्या जुन्या फाइली उपसत होती. एका फाइलीत तिला बॉम्बवाल्याच्या पत्रांमधलेच शब्द दिसले. जॉर्ज मेटेस्की, वॉटरबरी, कनेक्टिकट. जानेवारी १९५७ मध्ये त्याला घरातून उचललं.

मृ., या गोष्टीत तुझी जागा ब्रसेल यांच्या खुर्चीत नाही. माणसाला बोलतं करणारं ते वर्तमानपत्र आणि फाइली उपसणारी ती क्लार्क, या दोघांचं काम मिळून शोधपत्रकारिता होते. मानसशास्त्र त्यात आहेच. त्या माणसाला अन्यायाची टोचणी आहे आणि ऐकून घेणारं कुणी भेटलं तर तो बोलेल, हे कळायला माणसं कळावी लागतात. फक्त ते कळणं पुरावा म्हणून छापायचं नसतं, त्याच्या मदतीने पुरावा मिळवायचा असतो.

आपल्या शहरातलंही बघ. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपींना दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युतलहरी मोजणाऱ्या चाचणीचाही आधार घेतला. मेंदूला गुन्ह्याची 'अनुभवातून आलेली माहिती' आहे, असा त्या चाचणीचा दावा. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांच्या भुवया उंचावल्या. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. कुणाच्याही मनात बळजबरीने शिरायचा हक्क पोलिसांना नाही. मग व्हॅनमधून उतरणाऱ्या माणसाच्या मनात शिरायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

मे २०२४ मधलं कल्याणीनगरचं पोर्शे प्रकरणही तुला आठवत असेल, अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला ते. त्या दिवसांत 'श्रीमंत घरातल्या मुलांची मानसिकता' यावर किती चर्चा झाल्या! प्रकरणाला कलाटणी मिळाली ती रक्ताच्या नमुन्यांनी. ससून रुग्णालयात घेतलेला नमुना आणि औंधच्या रुग्णालयात घेतलेला नमुना यांचा डीएनए जुळेना, आणि नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. कोणत्या वेळी कुणी कुणाला फोन केला, नमुना कुणी घेतला, नोंद कुणी केली हेही वर्तनच आहे. ते तारीखवार मांडता येतं आणि कोर्टात तपासता येतं.

मला पत्रकाराचं प्रोफाइलिंग म्हणतात ते असं वाटतं. याचा सगळ्यात चांगला नमुना 'बॉस्टन ग्लोब'ने २००२ मध्ये दिला. लहान मुलांचा लैंगिक छळ करणाऱ्या पाद्र्यांवर ते काम करत होते. एकाही पाद्र्याची देहबोली त्यांनी वाचली नाही. चर्चच्या दरवर्षीच्या छापील डिरेक्टऱ्या काढल्या आणि कोणता पाद्री कोणत्या साली कुठे होता, मधेच कोण 'आजारपणाच्या रजेवर' गेला, कोणाची कशी वारंवार बदली झाली याचा तक्ता केला. त्या तक्त्यातून संस्थेची सवय उघडी पडली: तक्रार आली की हलव. पुढच्या वर्षी त्या कामाला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

हे पुण्यात कसं करायचं ते सांगते. एका बुडालेल्या गुंतवणूक योजनेवर काम करताना मी एका निवृत्त शिक्षिकेचं पासबुक घेऊन बसले होते. सुरुवातीला व्याज दर महिन्याच्या ५ तारखेला जमा. मग ९, मग १७. एका महिन्यात काहीच नाही आणि पुढच्या महिन्यात दोन हप्ते एकदम. त्यानंतर चेक रिटर्न. त्या तारखा मी वहीत एका बाजूला लिहिल्या आणि दुसऱ्या बाजूला कंपनीच्या सरकारी नोंदी: ऑडिटरने राजीनामा कधी दिला, नोंदणीकृत पत्ता कधी बदलला, संचालकाच्या जागी मेहुण्याचं नाव कधी आलं, जास्त व्याजाची नवी योजना कधी जाहीर झाली. व्याज रखडायला लागलं त्याच सुमारास नवी योजना आली होती. जुन्यांचं देणं भागवायला नवे ठेवीदार हवे होते. तो माणूस लोभी होता की घाबरलेला, मला माहीत नाही आणि मी ते लिहिलंही नाही. त्याने काय काय केलं ते क्रमाने लिहिलं. वाचणाऱ्याला माणूस दिसला.

अशा कामात शितावरून भाताची परीक्षा करायची नसते. एक पासबुक म्हणजे एक शीत. तशी आणखी पासबुकं जमवावी लागतात, लोकांच्या घरी परत परत जावं लागतं, आणि बऱ्याचदा 'आमचं नाव नको' ऐकून रिकाम्या हाताने जिने उतरावे लागतात.

तुझं मानसशास्त्र खरं कामाला येईल ते मुलाखतीत. आपले बहुतेक रिपोर्टर दांडक्यासारखा प्रश्न समोर धरतात आणि उत्तरही स्वतःच सुचवतात: "तुम्हाला धक्का बसला असेल ना?" तू आठवणींचा अभ्यास केला आहेस. सूचक प्रश्नाने आठवण कशी बदलते, हे तुला पक्कं ठाऊक आहे. साक्षीदाराला सांग, "त्या दिवशी सकाळी उठल्यापासून सांगा," आणि गप्प बस. तो थांबला तरी गप्प बस. ज्याच्यावर आरोप करायचा आहे त्याच्याशी बोलताना हातातला कागद आधी दाखवू नकोस. त्याचं म्हणणं पूर्ण होऊ दे, तारखा त्याच्या तोंडून येऊ देत, मग कागद पुढे कर आणि त्यावरचं त्याचं उत्तर जसंच्या तसं छाप. आणि ज्यांच्या घरात माणूस गेलं आहे त्यांच्याशी कसं बोलावं, कधी उठून यावं, हे तुला या पेशातल्या कितीतरी जणांपेक्षा बरं जमेल.

निदान मात्र करू नकोस. 'नार्सिसिस्ट', 'सायकोपॅथ' हे शब्द तुझ्या बातमीत कधीही नकोत. १९६४ मध्ये अमेरिकेत 'फॅक्ट' मासिकाने मानसोपचारतज्ज्ञांची पाहणी करून राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर मानसिकदृष्ट्या अयोग्य असल्याचं छापलं. गोल्डवॉटर यांनी खटला भरला आणि जिंकला. पुढे १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला की तपासल्याशिवाय आणि परवानगीशिवाय सार्वजनिक व्यक्तीबद्दल निदान सांगायचं नाही. डॉक्टरांना बंदी, मग आपण कोण? आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्याची माहिती किंवा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या कुणी एखादी फाइल गुपचूप पुढे केली तरी हात लावू नकोस.

कोर्सचे ८५ हजार भरू नकोस. त्या सर्टिफिकेटने ना पोलीस तुला दारात उभं करतील, ना संपादक पगार वाढवतील. खरोखरच गुन्हेगारी मानसशास्त्रात जायचं असेल तर तो वेगळा रस्ता आहे. गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीत रीतसर पदव्युत्तर शिक्षण मिळतं, पण तो रस्ता प्रयोगशाळेकडे आणि तुरुंगाकडे जातो, न्यूजरूमकडे नाही. पत्रकारितेचं शिक्षण हवंच असेल तर रानडे इन्स्टिट्यूट तुझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

त्यापेक्षा आधी कोर्टाची बीट माग, म्हणजे कोर्टाच्या बातम्यांची जबाबदारी. कोर्टाची बीट कुणालाच नको असते, त्यामुळे मिळेल. शिवाजीनगर कोर्टात रोज जा. एफआयआर संवेदनशील नसेल तर पोलिसांच्या वेबसाइटवर चढवावाच लागतो, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. आरोपपत्र तसं मिळत नाही. ते वेबसाइटवर टाकायचं बंधन नाही, असं त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. म्हणून जामिनाचे आदेश वाचायची सवय लाव. पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, काय होता, बचावाने काय मांडलं आणि न्यायाधीशांना काय पटलं नाही, हे दोन-चार पानांत असतं. रोजनामा, म्हणजे खटल्यात रोज काय झालं त्याची कोर्टातली नोंद, बघायला शीक. वकिलांच्या कारकुनांशी ओळख ठेव. वर्षभरात तुला कळेल की कोणत्या ठाण्याच्या पंचनाम्यांत तेच ते पंच पुन्हा पुन्हा येतात. ही स्वतंत्र बातमी आहे आणि तीही वर्तनाचीच आहे.

जोशी-अभ्यंकर खून खटल्याचे निकाल जरूर वाच. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले आणि संध्याकाळनंतर पुणेकर दार उघडायला घाबरू लागले. आरोपी निघाले टिळक रोडवरच्या कला महाविद्यालयातले विद्यार्थी. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. आजही त्यांच्या 'विकृती'वरच लिहिलं जातं. तू माफीच्या साक्षीदाराची जबानी आणि परिस्थितिजन्य पुरावा कसा जोडला गेला ते बघ.

पैसे सुरुवातीला कमीच मिळतील. शोधकामाला वेळ देणारे संपादक थोडे आहेत, त्यामुळे रोजची बातमी देऊन उरलेल्या वेळात हे करावं लागेल. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने त्यातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं आहे, तेव्हा अर्ज माणसाबद्दल न करता निर्णयाबद्दल, फाइलीबद्दल, खर्चाबद्दल करायला शीक. एकटीने कुणाला भेटायला जाऊ नकोस. कुठे चाललीस ते डेस्कवर एकाला तरी सांगून जा. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात कायदा आहे, पण तो हल्ल्यानंतर कामाला येतो.

बाबांशी भांडू नकोस. त्यांना हे काम काय आहे तेच माहीत नाही, आणि आतापर्यंत त्यांनी पाहिला असेल तर तो व्हिडिओच. त्यांच्याकडे दोन वर्षं माग आणि त्या दोन वर्षांत काय करणार ते कागदावर लिहून दे: कोर्टाची बीट, कायद्याचं वाचन, वर्षाला एक तरी मोठं काम. सोबत मानसशास्त्रात सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, देऊन टाक. परीक्षा आपल्याच विद्यापीठाची आहे, अभ्यास अजून ताजा आहे, आणि पास झालीस तर कॉलेजात शिकवायचा दरवाजा उघडा राहील. जाहिरात आली की पहिल्याच आठवड्यात फॉर्म भर.

तुझी,
ताई